डोंगरवाटेवरची शर्यत

मराठीत ‘हौस’ हा एक गोड शब्द आहे. उर्दूत ज्याला ‘शौक’ म्हणतात, त्याच्या तो फार जवळचा. माणूस पोटासाठी काम करतो आणि मनासाठी हौस करतो. कोणाला गाण्याची हौस असते, कोणाला बागेची, तर कोणाला पतंगांची. मला आणि माझ्या दोन सोबत्यांना सायकलची हौस आहे. तीही सपाट डांबरी रस्त्यावरच्या सायकलची नव्हे, तर दगडगोटे, मुरूम आणि चढउतार असलेल्या डोंगरवाटेवरच्या सायकलची. अशा वाटांवर शर्यती होतात. त्यांत भाग घेणारे बहुतेक जण आमच्यासारखे हौशीच असतात. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी डॉक्टर. रविवारी शर्यत संपते आणि सोमवारी सकाळी प्रत्येक जण आपापल्या कामावर हजर होतो. जाण्यायेण्याचा खर्चही आपला आपणच करायचा असतो. मग ही माणसे एवढे कष्ट कशासाठी घेतात? हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे.

खरे पाहता डोंगरी सायकलचा जन्मच मुळी हौशी लोकांच्या हातून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला, मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथील काही तरुणांना डोंगरावरून सायकलने खाली येण्याचा नाद लागला. नव्या सायकली डोंगरात टिकत नसत, म्हणून त्यांनी जाड टायरच्या जुन्या, जड सायकली शोधून काढल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार सुमारे तीन किलोमीटरचा होता. पण तेवढ्यात वाट सुमारे चारशे मीटर खाली उतरत होती. मागच्या चाकातील ब्रेक इतका तापत असे, की त्यातील ग्रीस जळून धूर निघे. मग ब्रेक उघडून पुन्हा नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रिपॅक’ म्हणतात. तेच नाव त्या शर्यतीला पडले. या मित्रांपैकी जो ब्रीझ याने पुढे डोंगरासाठी मुद्दाम नवी सायकल बनवली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलच्या शर्यतीला स्थान मिळाले. चार मित्रांचा खेळ अवघ्या वीस वर्षांत ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

याच काळात आणखी एका प्रकारच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांना साहसी शर्यती म्हणतात. १९८९ साली जेरार फ्यूझिल या फ्रेंच पत्रकाराने न्यूझीलंडमध्ये ‘रेड गोल्वाज’ नावाची शर्यत भरवली. तीत पाच जणांचा संघ असे आणि त्यात निदान एक स्त्री असावीच लागे. मोटारीची मदत न घेता डोंगर, जंगल आणि नद्या पार करत कित्येक दिवस पुढे जायचे, अशी ती शर्यत होती. पण सर्वांत महत्त्वाचा नियम वेगळाच होता. संपूर्ण संघाने एकत्र पोहोचले पाहिजे. एकटाच जोरात धावून पुढे गेला, तर त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडेही २००३ सालापासून पुण्याजवळच्या सह्याद्रीत ‘एन्ड्युरो-३’ ही शर्यत भरू लागली. तीत तिघांचा संघ असतो. कधी चालायचे, कधी सायकल चालवायची, कधी पाणी ओलांडायचे. पण तिघांनी मिळून.

काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारी महिन्यात आम्ही तिघांनी सह्याद्रीतील अशाच एका शर्यतीत भाग घेतला. मी शाळामास्तर. दुसरे आमच्या मोहल्ल्यातील सायकल दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना लहानथोर सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. तिसरी एका रुग्णालयात काम करणारी परिचारिका. वयाने ती आमच्यात सर्वांत लहान. पण आम्ही तिला ‘सिस्टर’ असेच म्हणत असू. उस्तादांचे वय पंचेचाळीसच्या पुढे. पण अंगात ताकद अशी, की चढावर ते नेहमी आमच्या पुढे असत.

चार महिने आम्ही तयारी केली. मला शाळा, उस्तादांना दुकान आणि सिस्टरला रात्रपाळी. त्यामुळे पहाटेचीच काय ती वेळ आमची होती. उस्तादांनी आम्हांला डोंगरात सायकल चालवण्याचे शास्त्र शिकवले. सुट्या मुरमावर चढताना सीटवरून उठायचे नाही, नाही तर मागचे चाक जागच्या जागी फिरते. उतरताना शरीराचा भार मागे न्यायचा आणि पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. खडकाळ वाटेवर टायरमधील हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडाला धरून राहतो. सिस्टरने आम्हांला खाण्यापिण्याचे शास्त्र शिकवले. भूक लागण्याआधी खायचे आणि तहान लागण्याआधी प्यायचे. तिने प्रत्येकाच्या पिशवीत खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि केळी ठेवली. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तिने आमच्याकडून पाठ करून घेतले.

निघण्याच्या आदल्या दिवशी उस्तादांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी कापली आणि तिच्या दोन्ही टोकांना कड्या बसवल्या. पुढच्या सायकलच्या सीटखाली एक टोक आणि मागच्या सायकलच्या हँडलला दुसरे टोक अडकवायचे, म्हणजे पुढचा मागच्याला ओढू शकतो. रबर ताणले जाते, त्यामुळे हिसका बसत नाही. आमच्या शर्यतीत याला परवानगी होती. पट्टीची गुंडाळी करत उस्ताद हसून म्हणाले, “ही मास्तरांसाठी. मास्तर थकले, की मी त्यांना ओढीन.”

शर्यत दोन दिवसांची होती. वाटेत ठरावीक ठिकाणी चौक्या होत्या. तेथे तिघांनी एकदम हजर होऊन कार्डावर शिक्का घ्यायचा. संघाची वेळ मोजली जायची ती शेवटी येणाऱ्याची. पहिला दिवस चांगला गेला. सकाळच्या थंडीत आम्ही गावे मागे टाकत निघालो. शाळेत जाणारी मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. दुपारी एका जलाशयात आम्ही होडी वल्हवली. संध्याकाळी वाट इतकी अरुंद झाली, की सायकली खांद्यावर घेऊन करवंदीच्या जाळ्यांतून चालावे लागले. अंगावर ओरखडे उठले. अंधार पडल्यावर कपाळावर दिवे बांधून आम्ही मुक्कामाला पोहोचलो. डाळभात पोटात गेला आणि आम्ही जमिनीवरच झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या चौकीवर दुपारी तीनच्या आत पोहोचायचे होते. त्यानंतर येणारा संघ बाद. अकरा वाजता एक लांबलचक चढ सुरू झाला. सावली कोठेच नव्हती. खालचा कातळ तापला होता आणि वरून ऊन लागत होते. मी माझ्या पायांकडे पाहत सायकल चालवत होतो. इतक्यात सिस्टरने हाक मारली, “सर, थांबा.”

मी मागे वळून पाहिले. उस्ताद मागे पडले होते. ते सायकलवरून उतरले नव्हते. पण चाक नुसते रांगत होते. नेहमी गप्पा मारणारा माणूस तासाभरापासून एक शब्दही बोलला नव्हता. सिस्टरने त्यांच्याजवळ जाऊन त्यांची पाण्याची बाटली हातात घेतली. ती जवळजवळ भरलेली होती.

“उस्ताद, तुमच्या पायांत गोळे येताहेत ना?” तिने विचारले.

“काही नाही, बेटी. चला, वेळ जातोय,” ते म्हणाले. पण खाली उतरताना त्यांची पोटरी अशी आखडली, की ते दगडावर बसलेच.

सिस्टरने त्यांचा पाय सरळ केला आणि पंजा हळूहळू वर दाबला. तिने त्यांना साखरमिठाचे पाणी घोटाघोटाने पाजले. त्यांच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला. मी घड्याळ पाहत होतो. दोन संघ आमच्या बाजूने पुढे निघून गेले. अर्ध्या तासाने उस्तादांच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. मग सिस्टर उठली. तिने उस्तादांच्या पिशवीतून ती रबरी पट्टी काढली, एक कडी आपल्या सीटखाली अडकवली आणि दुसरी कडी त्यांच्यापुढे धरली.

उस्ताद तिच्याकडे पाहतच राहिले. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या सायकली चालत्या केल्या, त्याची सायकल आज मुलीच्या वयाची एक परिचारिका ओढणार होती. ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही दोघे पुढे जा. मी मागून येतो.”

सिस्टर म्हणाली, “उस्ताद, आमच्या रुग्णालयात जो रोगी दुखणे लवकर सांगतो, तो लवकर घरी जातो. जो लपवतो, त्याचीच आम्हांला काळजी वाटते. आणि आम्ही पुढे जाऊन करायचे काय? वेळ तर तुमचीच मोजणार आहेत.”

त्या बोलण्यावर उस्तादांना उत्तर सापडले नाही. त्यांनी मुकाट्याने कडी घेतली आणि आपल्या हाताने हँडलला लावली. नेमकी कोठे लावायची, हे त्यांनाच ठाऊक होते. त्यांची पिशवी मी पाठीवर घेतली. चढ अजून बाकी होता. कधी सिस्टर पुढे, कधी मी पुढे, असे आम्ही त्यांना ओढत राहिलो. ते मागून सांगत होते, “मास्तर, गियर हलका करा. डावीकडून जा, उजवीकडे मुरूम सुटा आहे.” त्यांच्या पायांतले बळ गेले होते, पण नजर शाबूत होती. आम्ही त्यांना ओढत होतो आणि ते आम्हांला वाट दाखवत होते.

शेवटच्या चौकीवर आम्ही पोहोचलो, तेव्हा तीन वाजायला नऊ मिनिटे होती. तिघांनी एकदम कार्डावर शिक्का घेतला. आमच्या मागे फक्त दोन संघ होते. आम्हांला ना चषक मिळाला, ना रोख बक्षीस. पण शर्यत पुरी केल्याचे प्रमाणपत्र मिळाले. उस्तादांनी ते दुकानात पान्यांच्या फळीवर लावले आहे. त्याच्या शेजारीच एका खिळ्याला ती रबरी पट्टी टांगली आहे. “ही कोणासाठी?” असे कोणी विचारले, तर ते म्हणतात, “जो दमेल त्याच्यासाठी.”

आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघेही व्यवसायाने डॉक्टर आणि सायकलचे हौशी. २०१५ साली त्यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरचे अंतर, आणि संघांना मुदत नऊ दिवसांची. एक भाऊ सायकल चालवी, तेव्हा दुसरा विश्रांती घेई. त्यांच्याबरोबर गाडी चालवणारे, जेवण देणारे, सायकल दुरुस्त करणारे सोबतीही होते. एवढे अंतर कोणी एकट्याच्या बळावर तोडत नाही. थकलेल्याने वेळेवर थांबायचे आणि ताज्या दमाच्याने पुढे व्हायचे, यातच त्यांच्या यशाचे रहस्य होते.

ही माणसे एवढे कष्ट कशासाठी घेतात, या प्रश्नाचे माझे उत्तर त्या चढावर मिळाले. धडधाकट असताना दुसऱ्याला मदत करणे त्यामानाने सोपे असते. आपण थकलो आहोत हे कबूल करून दुसऱ्याची मदत घेणे फार अवघड असते. त्यालाही हिंमत लागते, आणि ती हिंमत बळकट माणसाला अधिक लागते. वर्गात गणित न समजलेला मुलगा मान खाली घालून बसतो. घरात आजारी आई ‘मला काही झाले नाही’ असे म्हणत कामाला लागते. अशा वेळी उस्तादांनी स्वतःच्या हाताने लावलेली ती कडी मला आठवते. मग मी त्या मुलाच्या बाकाजवळ जाऊन बसतो आणि विचारतो, “कोठे अडले आहे?”