काळी खपली

भात कापून घरात आलं, मग बांधावरच्या गवताला हात घातला. आमची ही दोन दिवस उकिडवी बसून विळ्याने गवत कापत होती. दहा-बारा दिवसांनी, दिवाळीच्या तोंडावर, तिला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणे.

आमच्या रत्नागिरीकडे अशा दिवसांत ताप म्हटला की मलेरिया नाहीतर लेप्टो. रक्त तपासलं, दोन्ही नाही. पाचव्या दिवशी धाप लागली तशी तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं आणि हिला विचारलं, "अंगावर कुठे काळी खपली आहे का?"

होती. जांघेत. विडीचा चटका बसावा तशी गोल. दुखत नव्हती, खाजत नव्हती. हिला ठाऊक होतं, पण लाजेपायी मलाही बोलली नाही. "असल्या जागेचं काय सांगायचं?"

ताप स्क्रब टायफसचा निघाला. डॉक्सीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत घाम येऊन ताप उतरला. उशीर झाला असता तर, हा विचार आजही नको वाटतो.

मला वाटलं, गोचीड चावला असेल. माझी पुतणी प्राणिशास्त्र शिकते. ती म्हणाली, "काका, गोचीड याचा चुलतभाऊ. हा चिगर माइट. कीटक नव्हे, कोळी-विंचवाच्या खटल्यातला." आपल्या देशात हा ताप पसरवणाऱ्यांत मुख्य जात लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. सुमात्रातल्या डेली भागावरून 1922 साली हे नाव पडलं. म्हटलं, यातही लेप्टो आहेच! पण त्या लेप्टोशी याचं नातं नाही. तो उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो, हा गवतातून अंगावर चढतो.

चावतं ते फक्त पिल्लू. सहा पायांचं, डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल एवढं. रक्त पीत नाही, कातडी विरघळवून तो रस पितं. उंदीर, घूस, चिचुंद्री हे त्याचे नेहमीचे यजमान; माणूस वाटेत आडवा आलेला. दोन-चार दिवस पोट भरलं की मातीत पडतं. मोठं झाल्यावर आठ पाय येतात आणि बारक्या किड्यांची अंडी खाऊन राहतं. आयुष्यात चावतं ते बहुधा एकदाच. मग रोग पसरतो कसा? आई अंड्यांतूनच जंतू पिल्लांना देते. नुसते उंदीर मारून हा रोग जाणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

आता घराभोवती रान वाढू देत नाही. गवत कापून आलं की आधी कढत पाण्याने अंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात. खपली प्रत्येकाला येतेच असं नाही, पण वाडीत कुणा बाईला ताप आला की आमची ही तिला माजघरात नेते आणि दार लोटून विचारते, "लाजू नकोस गो, अंगावर कुठे काळी खपली आहे का?"