पाइपलाइनची चारी

उत्खनन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सांगाडे आणि सोन्याच्या मोहरा येतात. बहाळच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, हौशी मदतनीस म्हणून गेलो, तेव्हा माझ्या हाती आला जुना टूथब्रश. पुण्याहून संशोधनासाठी आलेल्या ताईंनी पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं. ''काका, खापरं धुवा. पण रंगाची रेघ दिसली की घासू नका.''

चाळीसगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं हे गाव पुरातत्त्वात जुनं नाव आहे. म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये इथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती थराथराने उघडी झाली. नदीपलीकडे टेकवाड्याला तर दफनं सापडली. आम्हाला कुदळ लावायची मुभा नव्हती. त्यासाठी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नांगरटीने वर आलेलं बघायचं, सुतळी बांधून चौकोन पाडायचे, कुठल्या चौकोनात काय पडलंय ते वहीत लिहायचं, एवढंच. बांधावरून जाणारा प्रत्येक जण विचारी, ''सोनं सापडनं का?''

धुतल्यावर खापर बोलायला लागतं. आतल्या बाजूला बारीक समांतर रेघा असल्या तर ते चाकावरचं. जाड, करड्या खापरावर कुंभाराच्या बोटांचे दाब तसेच राहिलेले, म्हणजे हाताने घडवलेलं. सावलीत वाळवून आतल्या बाजूवर शाईने चौकोनाचा क्रमांक टाकायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळी मदार त्या क्रमांकावरच. एका मुलाने पिशवीभर सुंदर रंगीत तुकडे आणून दिले. कुठे मिळाले? ''बठ्ठीकडे!'' म्हणजे सगळीकडे. ताईंनी त्याचं कौतुक केलं, त्याला चहा पाजला. पिशवी मात्र नोंदीत घेता आली नाही.

याच तालुक्यात पाटण्याला एस. ए. साळी यांना १९७२-७३ च्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! तो तुकडा कुठल्या थरातून आला हे लिहून ठेवलं नसतं, तर कोणाचा विश्वास बसला असता?

एका सकाळी शेजारच्या शेतकरीभाऊंचा फोन आला. विहिरीपासून पाइपलाइनची चारी खणली होती, दुपारी बुजवणार होते. आम्ही धावत गेलो. चारीच्या भिंतीत वर काळी माती, खाली राखाडी पट्टा, त्यात भाजलेल्या मातीचा लालसर डाग आणि पुन्हा पांढरट माती. टेप लावून मापं घेतली, फोटो काढले, कागदावर थर रेखले. भाऊ काठावर बसून विडी ओढत होते. ''झालं का? नळ्या टाकू?''

साक्री तालुक्यातल्या कावठ्यासारख्या ठिकाणी वस्तीचा थर मुळातच पातळ. तो नाहीसा व्हायला ट्रॅक्टरचा एक खोल नांगर पुरतो. शेतकऱ्याला पाणी तर हवंच, त्याला थांबवायचं कोणत्या तोंडाने? म्हणून मी जळगावला परतायच्या आधी गावच्या जेसीबीवाल्याचा नंबर घेतला. चारी कुठे पडणार हे त्याला सगळ्यात आधी कळतं, आणि फोन उचलायलाही तो आळस करत नाही.