शेवाळं आणि विमा

गेल्या शनिवारी सकाळी साडेसातला काकांचा फोन. शनिवारी साडेसात म्हणजे माझी मध्यरात्र. "अरे, मागच्या पायरीवरून पाहुणा घसरला रे. मनगट मोडलंय. ती विम्याची फाईल जरा बघतोस का?"

काकांचं घर गुहागरला. चिऱ्याचं, मागे नारळी-पोफळीचं आगर, आणि पावसात शेवाळं धरणाऱ्या पायऱ्या. लहानपणी आम्ही सगळी भावंडं तिथे आपटलोय, पण तेव्हा खोबरेल चोळलं की विषय संपायचा. चार वर्षांपूर्वी काकांनी दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. एअरबीएनबीवरची नोंद, फोटो, सगळं मीच करून दिलं. (फोटोत पायऱ्या फार छान हिरव्यागार दिसतात!)

विमा होता. भारत गृह रक्षा, एप्रिल २०२१ पासून आलेली प्रमाणित पॉलिसी. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचावं तशी ओळ न् ओळ वाचली. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप.. घर आणि घरातलं सामान. पाहुण्याच्या मनगटाचा पत्ताच नाही, कारण ते 'दायित्व', त्याची पॉलिसी वेगळी. मग १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा सापडला. म्हटलं, सुटलो! तर तो भोपाळनंतर झालेला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. आमचं शेवाळं त्यात बसत नाही :)

मग आठवलं, एअरबीएनबी यजमानांना दहा लाख डॉलरपर्यंतचं दायित्व कवच देते. सॅन फ्रान्सिस्कोत तर नियमच आहे, यजमानाकडे किमान पाच लाख डॉलरचं कवच हवं, किंवा तेवढं देणाऱ्या साईटमार्फतच खोली द्यायची. पण हे साईटवालं कवच साईटवरून झालेल्या बुकिंगलाच. घाईघाईने काकांना विचारलं, "ते पाहुणे ऍपवरून आलेले ना?"

"नाही रे, दुसऱ्यांदा आले ते. तूच म्हणालेलास ना, ओळखीचे झाले की सरळ फोनवर घ्या, कमिशन वाचतं."

काय बोलणार?

पाहुणा भला माणूस, एक रुपया मागितला नाही. पण चिपळूणच्या हॉस्पिटलचं बिल काकांनी भरलं, बेचाळीस हजार. आपल्या दारात पडला म्हणजे आपणच बघायचं, हे त्यांचं शास्त्र. कायद्याने ते देणं लागत होते की नाही, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. मला मात्र रात्रभर दुसराच प्रश्न पडला होता, मनगटाऐवजी डोकं असतं तर?

असो. घडून गेलेल्याचा विमा मिळत नाही, पुढचा मिळतो. एका एजंटाशी बोललोय. एका अपघाताची मर्यादा वेगळी, वर्षाची वेगळी. जेवणातून कुणाला बाधलं तर त्याचं कलम वेगळं मागून घ्यायचं. हे ऐकून काकू भडकली, "माझ्या हातचं खाऊन कोण आजारी पडणारे?" तिला समजवायला पुढच्या शनिवारी गुहागरला जातोय. सोबत तारेचा ब्रश घेतलाय, आधी त्या पायऱ्या घासणार.