गप्पींचं पाणी

तुमच्या वर्गात कधी मासे पाळलेत का? आमच्या वर्गात आहेत. गप्पी मासे! तेच ते, डासांच्या अळ्या मटकावणारे, आरोग्य केंद्रातून मिळतात ते. त्यांची काचेची पेटी जुनीच, कुणीतरी शाळेला दिलेली. पण मुलांना तिचं कोण कौतुक!

2023 च्या जुलैतली गोष्ट. पेटीची काच हिरवी झाली होती. मुलांनी मासे बरणीत काढले, मी जुनं पाणी पार ओतून दिलं आणि पेटी लख्ख धुतली. चौथीतल्या एका मुलानं विहिरीवरून कळश्या भरभरून पाणी आणलं. मासे पेटीत सोडले. तीन तेवढे हाती लागेनात, ते बरणीतच राहिले.

खिचडीच्या सुट्टीपर्यंत पेटीतले मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. शाळा सुटताना आठच्या आठ उताणे!

आणि मी काय केलं? त्या मुलावर ओरडले. "कळशी साबणानं घासलीस ना? नीट विसळली नसशील!" तो "नाही हो बाई, नाही हो बाई" म्हणत राहिला. मग गप्पच झाला. दुसऱ्या दिवशी शाळेत आलाच नाही.

त्या दिवशी विहिरीवर आरोग्यसेवक काका आले होते. त्यांनी नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. काका खूश! "परवा रात्रीच टीसीएल टाकलंय बाई. पावसाळा आहे ना!"

माझ्या पोटात धस्स झालं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यातला क्लोरीन रोगजंतू मारतो, म्हणून तर आपण ते पाणी बिनधास्त पितो. पण मासा त्याच पाण्यातून श्वास घेतो ना! क्लोरीननं त्याचे नाजूक कल्लेच भाजतात. आपल्याला चांगलं पाणी त्याला विष.

संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले. तो गोठ्यात होता. म्हटलं, "तुझी नाही रे, चूक माझी होती." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "बरणीतले तीन हायत का?"

होते! त्यांच्यासाठी आम्ही पसरट घमेल्यात विहिरीचं पाणी दिवसभर उन्हात उघडं ठेवलं. क्लोरीन हळूहळू उडून जातो. काकांनी त्यात थेंब टाकून पाहिले, तर पिवळा रंग नाहीच. (घाई असेल तर माशांच्या दुकानात सोडियम थायोसल्फेट मिळतं. पूर्वी फोटो स्टुडिओवाले त्यालाच हायपो म्हणत.) आणखी एक चूक मला पुढे कळली. सगळं जुनं पाणी कधी ओतून द्यायचं नसतं, पेटीही घासूनपुसून लख्ख करायची नसते. माशांच्या घाणीतलं विष पचवणारे उपयोगी जिवाणू खडे-काचांवरच वस्ती करून असतात. आम्ही आता पाव पेटी पाणी तेवढं बदलतो.

त्या तिघांत एक मादी होती. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. दिवाळीच्या सुट्टीआधी पेटीत डोळेच डोळे दिसायला लागले!

घमेल्यावर खडूनं पाणी भरल्याची तारीख घालायचं काम त्या मुलानं स्वतःकडे घेतलं. वर्ष संपेपर्यंत त्यानं मला घमेल्याला हात लावू दिला नाही.