विचुंब्याहून अनुराधपूर : दोघांचा आठ दिवसांचा प्रवास

डिसेंबर उजाडला की गोव्याच्या किनाऱ्यावर युरोपातली गोरी मंडळी उतरू लागतात. त्यांच्या मुलखात हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येते, आठवडे न् आठवडे सूर्य दिसत नाही. म्हणून ती वर्षभर पैसे साठवतात आणि आठ-पंधरा दिवस ऊन खायला परदेशी जातात. सगळेच काही श्रीमंत नसतात. बस चालवणारे, दवाखान्यात काम करणारे, दुकानात उभे राहणारेही त्यांत असतात. हे मी एकदा आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "उन्हाला पैसं? आमच्या संगं लावणीला आली असती, तर फुकाट दिलं असतं!"

आम्ही राहतो पनवेलजवळ विचुंब्याला, गाढी नदीच्या काठी. ऊन आम्हाला कधी कमी पडले नाही. कमी पडला तो वेळ. एकवीस वर्षांच्या संसारात मी आणि माझी पत्नी दोघेच असे कुठे गेलोच नव्हतो. रजा निघायची ती गावच्या लग्नाला, कुणाच्या पुण्यानुमोदनाला, १४ एप्रिलला नाहीतर ६ डिसेंबरला. ते सारे मनापासून केले, त्याचा पश्चात्ताप नाही. पण २०२० साली कोरोनात माझा थोरला भाऊ गेला. तळोज्याच्या कारखान्यात त्याने बत्तीस वर्षे पाळ्या केल्या. "रिटायर झालो की वहिनीला घेऊन फिरून येणार," असे तो दर दिवाळीला म्हणायचा. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

तेराव्या-चौदाव्याचे काही आपण करत नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसे गेली, आणि भांडी घासता घासता पत्नी म्हणाली, "अहो, तुमच्या बैठकांच्या भाकऱ्या मी वीस वर्षं भाजल्या. एकदा तरी मला दुसऱ्यानं वाढलेलं खायचंय. आपण दोघंच. पोरं नाहीत, पाहुणे नाहीत, कार्यकर्ते तर नाहीतच!" मी स्त्रीमुक्तीवर भाषणे केलेला माणूस. त्या रात्री मला उत्तर सुचले नाही.

पैशाची जुळणी

मी बी.कॉम. झालेला कारकून. हिशेब मांडल्याशिवाय स्वप्नसुद्धा पडत नाही. जानेवारी २०२१ मध्ये आवर्ती ठेवीचे खाते उघडले, महिना ३,००० रुपये, मुदत ३६ महिने. मुद्दल १ लाख ८ हजार. व्याज धरले नाही, ते अडीअडचणीसाठी सोडले. दर महिन्याला हे ३,००० काढताना ओढाताण झाली. पत्नीने शिलाई मशीनवरच्या कमाईतले हजार घातले, मी बाहेरचा चहा-वडापाव बंद केला. मुलांना स्पष्ट सांगितले की तुमच्या शिक्षणाच्या पैशाला हात लागणार नाही, पण या पैशालाही तुम्ही हात लावायचा नाही.

नातेवाईक बोललेच. "मुलगी लग्नाला आली आणि ही जोडी परदेशी निघाली!" मुलगीच पुढे झाली. म्हणाली, "माझं लग्न विहारात साधेपणानं होणार आहे. हॉलचे वाचलेले पैसे समजा."

जायचे कुठे यावर घरात दोन महिने चर्चा झाली. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, लुंबिनीही तिथेच. पण जानेवारीत तिथे हाडे गोठवणारी थंडी आणि धुके. पत्नीच्या गुडघ्यांना ते मानवणार नव्हते. थायलंडचे विमानभाडे जड जात होते. शेवटी श्रीलंका ठरली. मुंबईहून विमानाने जेमतेम अडीच तास, थंडी नाही, जेवण भाताचे, आणि जिथे बोधिवृक्षाची फांदी रुजली ते अनुराधपूर तिथेच.

हवामानाची एक गोष्ट आधी समजून घ्यावी. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस लागतात. मे ते सप्टेंबर हा नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गालेच्या बाजूला कोसळतो. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत ईशान्येचा पाऊस उत्तर-पूर्वेला, म्हणजे अनुराधपूरकडे पडतो. दोन्ही बाजूंना ऊन हवे असेल तर फेब्रुवारी चांगला. नोव्हेंबर-डिसेंबर हे वादळांचेही दिवस. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दित्वा वादळाने या देशात शेकडो बळी घेतले. आम्ही २०२४ चा फेब्रुवारी धरला. मार्चअखेरच्या कामाआधी रजा मंजूर होण्याची तीच शेवटची संधी होती.

कागदपत्रांचे लचांड

पासपोर्टची सरकारी फी माणशी १,५०० रुपये. खरा त्रास नावाचा झाला. पत्नीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि मतदार ओळखपत्रावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. आपल्या बहुतेक घरांत हीच स्थिती आहे. प्रवासाचा विचार नसला तरी घरातल्या बायकांची कागदपत्रे एका नावावर आणून ठेवा, पेन्शनपासून विम्यापर्यंत ती कामी येतात. सरकारी वा निमसरकारी नोकरीत असाल, तर पासपोर्ट काढण्याआधी कार्यालयाला कळवण्याचेही विसरू नये.

व्हिसाच्या बाबतीत आमचे नशीब चांगले. त्या काळात श्रीलंकेने भारतीयांना व्हिसाची फी माफ केली होती, अर्ज मात्र करावा लागे. नाक्यावरच्या सायबर कॅफेतल्या मुलाने घाईघाईत एक खासगी वेबसाइट उघडली आणि फी माफ असताना 'सेवाशुल्क' भरा म्हणाला. मी कारकुनी नजरेने पाहिले म्हणून वाचलो. नियम आणि शुल्क पुन:पुन्हा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरच पाहावे. एका एजंटानेही स्वस्त पॅकेज दाखवले होते. बारीक अक्षरे वाचली, तर दुपारचे जेवण, प्रवेश तिकिटे, गाइड, सारे वेगळे. बेरीज केली तेव्हा ते आमच्या हिशेबापेक्षा वीस हजारांनी महाग निघाले.

अनुराधपूर

सहार विमानतळावर पहाटे पोहोचायचे म्हणून आम्ही रात्रीच पनवेलहून निघालो. आता उलव्याची टेकडी कापून, नदी वळवून, दहा गावे उठवून आमच्या अंगणातच विमानतळ उभा राहिला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ज्यांची घरे गेली, त्यांनाही कधीतरी त्यातून प्रवासी म्हणून उडता यावे, एवढीच इच्छा.

विमान उडाले तेव्हा पत्नीने माझा हात धरला. चारचौघांत तिने माझा हात धरण्याची ती पहिली वेळ!

कोलंबोहून एस.टी.सारख्या लाल बसने अनुराधपूर गाठायला सहा तास लागले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी दारूची दुकाने बंद असतात. पहाटेपासून पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबे रांगेने चालली होती. हातात कमळे, कडेवर पोरे, आणि आवाज कसलाच नाही. आपल्याकडच्या ध्वनिवर्धकांची मला तीव्रतेने आठवण झाली, आणि थोडी लाजही वाटली.

बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात येथे आणली. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ज्ञात असलेल्या वृक्षांत हा सर्वांत जुना मानतात. सोनेरी कठड्यात, आधारांवर टेकलेल्या फांद्या. हात लावता येत नाही. पत्नी पुष्कळ वेळ नुसती बघत उभी राहिली. मग म्हणाली, "एका बाईनं समुद्रापलीकडून हे आणलं. आणि मला पनवेलहून कल्याणला एकटीनं जायचं म्हटलं तरी घरात चौकशी व्हायची." मी काहीच बोललो नाही.

संघमित्रेचा भाऊ महिंद याच्या आठवणीची मिहिंतलेची टेकडी तेथून जवळच आहे. जेतवनारामचा विटांचा स्तूप पाहताना मान दुखते. त्याची मूळ उंची सुमारे १२२ मीटर सांगतात. आणि आपल्या भागाचाही इथे एक धागा आहे. महावंस ग्रंथातल्या कथेनुसार राजपुत्र विजय लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारक बंदराला लागला होता. सुप्पारक म्हणजे आपले नालासोपारा!

कँडी : एक खटकलेली गोष्ट

कँडीत दंतधातूचे विहार आहे. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब माईसाहेबांसह श्रीलंकेला आले होते. इथे धम्म प्रत्यक्षात कितपत जिवंत आहे, हे त्यांना पाहायचे होते. तोच प्रश्न मी आमच्या खाणावळीच्या मालकांना विचारला. ते निवृत्त शिक्षक होते. थोडे थांबून म्हणाले, "जात आमच्याकडेही आहे."

त्यांनी सांगितले ते असे. १७५३ साली सयामच्या भिक्षूंना बोलावून इथे उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली, तोच सयाम निकाय. पण पुढे त्यात गोविगम या शेतकरी उच्च जातीलाच दीक्षा मिळू लागली. ज्यांना नाकारले ते गप्प बसले नाहीत. त्यांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि परत येऊन अमरपुर निकाय उभा केला. रात्री मला झोप लागेना. पत्नी म्हणाली, "नाकारलेली माणसं समुद्र ओलांडून गेली, हे चांगलंच झालं की. आपलंही तेच ना?" मग मला झोप लागली.

मोकळे दोन दिवस

शेवटचे दोन दिवस आम्ही गालेजवळ उनावटुनाला समुद्रकाठी काढले. कोलंबोहून जाणारी रेल्वे अगदी लाटांना खेटून धावते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच मार्गावर पेरालियाजवळ गाडीच्या गाडी वाहून गेली होती. २०२२ मध्ये हा देश पेट्रोलच्या रांगांत उभा होता, तेही सगळ्यांना आठवते. तरी माणसे हसून वाट दाखवतात.

तिथे गोऱ्या जोडप्यांशेजारी आम्हीही वाळूत बसलो. करी-भात, नारळाची लाल चटणी, सुकट, तांदळाच्या शेवयांसारखे इडियप्पम, सगळे कोकणातलेच वाटले. दुसऱ्याने वाढले आणि पत्नीने ते निवांत खाल्ले. एका मुलाने आमचा दोघांचाच फोटो काढला. लग्नातल्या फोटोनंतरचा, ज्यात मधे कुणीच उभे नाही, असा हा पहिला फोटो.

हिशेब

दोघांचा आठ दिवसांचा खर्च असा : विमानभाडे ४५,६००, सात रात्रींचा मुक्काम १७,५००, जेवणखाण १२,४००, बस-रेल्वे-रिक्षा ७,७००, प्रवेश तिकिटे ३,५००, पासपोर्ट ३,०००, प्रवास विमा १,४००, भेटवस्तू ४,३००. एकूण ९५,४०० रुपये. हे २०२४ चे आकडे आहेत, आज वाढीव धरावेत. तिकिटे चार महिने आधी काढली. अनुराधपूरला सार्क देशांच्या पासपोर्टवर तिकीट निम्म्या दरात मिळते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. खांदे-गुडघे झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे न्यावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तिथे तो अपमान समजतात.

उरलेल्या १२,६०० रुपयांचे काय करायचे, यावर मी म्हणालो, विहाराच्या ग्रंथालयाला देऊ. पत्नी म्हणाली, "निम्मे द्या. निम्म्यात वहिनींना बोधगयेला पाठवू. भाऊजींचं राहिलं होतं ना."

गेल्या वर्षी वहिनी महिला मंडळाबरोबर बोधगयेला जाऊन आल्या. कमी पडले ते आम्ही घातले. आल्यावर त्यांनी बोधिवृक्षाचे एक गळलेले पान आमच्या हातात ठेवले. आमच्या उनावटुनाच्या फोटोच्या चौकटीत ते लावले आहे. भावाचे नाव निघाले की पत्नी त्या फोटोकडे बघते आणि मला विचारते, "पुढच्या आवर्ती ठेवीचं काय झालं?"

उघडली आहे. पाच महिने झाले.