न खेळलेला सामना

कौतुक, दरारा आणि आदर हे तीन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांच्या छटा निराळ्या आहेत. कौतुक पराक्रमाचे होते, दरारा सामर्थ्याचा वाटतो. आदर मात्र वर्तनाविषयी वाटतो. कौतुक एका दिवसात पदरात पडते आणि पुढच्या पराभवाबरोबर ओसरते. आदराला वेळ लागतो, आणि तो मागून मिळत नाही. खपणारे पुस्तक आणि मोलाचे पुस्तक यांतला भेद करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा फरक नवा नाही. पण माझ्यापुरता तो सर्वांत स्वच्छ दिसला तो साहित्याच्या बाहेर, एका सर्वस्वी परक्या क्षेत्रात. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल.

हा फुटबॉल आपला नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे आणि धावणाऱ्याला अंगावर झेपावून खाली पाडायचे, असा तो खेळ आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना त्याचा आरंभ मानला जातो. त्या दिवशीचा खेळ मात्र आपल्या परिचयाच्या फुटबॉलच्याच अधिक जवळचा होता. पुढे खेळ बदलला आणि इतका हिंस्र झाला की मैदानावर मुले मरू लागली. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. आज मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची प्रेक्षकक्षमता १,०७,६०१ आहे. तिकडे ज्याला फुटबॉलचा ‘प्रोग्रॅम’ म्हणतात, त्यात केवळ संघ येत नाही. प्रशिक्षक, खेळाडूंची भरती, शिष्यवृत्त्या, देणगीदार, वाद्यवृंद, माजी विद्यार्थी असा सगळा प्रपंच त्यात सामावलेला असतो. असा प्रपंच एखाद्या विद्यापीठाला शोभतो केव्हा, हा माझ्यासमोरचा प्रश्न आहे.

या विषयाशी माझा संबंध आला तो ग्रंथालयामुळे. ए. के. रामानुजन १९९३ मध्ये निवर्तले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या शिकागो विद्यापीठात काही महिने राहण्याचा योग मला आला. ‘पीएल ४८०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी कायद्याखाली १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके तिकडच्या ग्रंथालयांत जाऊ लागली होती, आणि त्यांत मराठी पुस्तकेही होती. रेगेन्स्टाइन ग्रंथालयातील ती मराठी कपाटे मला पाहायची होती. हे ग्रंथालय १९७० मध्ये उघडले ते जुन्या फुटबॉल मैदानाच्या जागेवर, ही माहिती तेथील एका ग्रंथपालबाईंनी बोलता बोलता दिली. मैदान जाऊन तेथे ग्रंथालय येणे ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकाला सुखावणारी होती. म्हणूनच तिच्यामागचा इतिहास तपासून घ्यावासा वाटला.

शिकागो विद्यापीठात १८९२ मध्ये अध्यापन सुरू झाले, आणि त्याच वर्षी एमोस अलॉन्झो स्टॅग फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांना प्राध्यापकवर्गातले पद होते. चाळीस वर्षे त्यांनी संघ घडवला आणि मैदानाला त्यांचे नाव मिळाले. उत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा, पुढे हाइझमन करंडक म्हणून विख्यात झालेला मान १९३५ मध्ये प्रथम मिळाला तो शिकागोच्याच जे बरवॅंगर यांना. व्यावसायिक संघांच्या १९३६ च्या पहिल्या निवडीत पहिले नाव त्यांचे होते. ते व्यावसायिक फुटबॉल खेळले नाहीत. तोवर विद्यापीठाची सूत्रे रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्याकडे आली होती. अभिजात ग्रंथांचे वाचन हा शिक्षणाचा कणा मानणारा हा कुलगुरू. प्रवेशाच्या अटी कडक, खेळाडूंसाठी सवलती नाहीत; संघ दुबळा होत गेला. १९३९ च्या हंगामात मिशिगनने शिकागोला ८५-० असे हरवले. त्याच डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

हचिन्स यांचा निर्णय विद्याव्यासंगी मंडळींत आजही आदराने सांगितला जातो, आणि त्यात धैर्य होते हे खरेच. पण मैदान ओस पडल्याने विद्यापीठ आपोआप निर्मळ होते असे नाही. त्या मोकळ्या मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागृहाखाली, रॅकेटच्या खेळासाठी बांधलेल्या एका बंदिस्त जागेत, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवून आणली. अवघ्या तीन वर्षांत हिरोशिमा घडले. त्या शास्त्रज्ञांवर न्यायनिवाडा करायचा हा लेख नव्हे. मला एवढेच म्हणायचे आहे, की खेळाला हद्दपार करणे हे आदराचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. विद्यापीठाच्या आवारात येणारी प्रत्येक मोठी शक्ती, मग ती गर्दीची असो, पैशाची असो वा राज्यसत्तेची, त्याच एका प्रश्नाला पात्र असते: हिच्यासाठी आपण काय काय गहाण टाकणार आहोत?

शिकागोच्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. १९६३ मध्ये फुटबॉल क्लबच्या रूपाने परतू लागला तेव्हा काही विद्यार्थ्यांनी मैदानात बसून विरोध केला. तरीही १९६९ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला. तो आता खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. तेथे असताना एका शनिवारी मी त्यांचा सामना पाहिला. नवे मैदान लहान, प्रेक्षक तुरळक, त्यांत पालकच बरेच. खेळातले बारकावे मला समजले नाहीत. पण सोमवारी त्या संघातला एक धिप्पाड मुलगा ग्रंथालयात माझ्या शेजारच्या मेजावर दोन बोटांना पट्टी बांधून टिपणे काढताना दिसला, आणि त्याच्याकडे मान वर करून कोणी पाहतही नव्हते. हे न पाहणे मला फार आवडले. तो तेथे इतरांसारखाच विद्यार्थी होता.

मात्र ग्रंथालय आणि फुटबॉल शेजारी नांदले म्हणजे सारे कुशल, असेही नाही. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचा लौकिक याच समन्वयाचा होता. खेळाडूंनी अभ्यासही केला पाहिजे हा त्यांचा आग्रह सर्वत्र वाखाणला गेला. त्यांच्या कुटुंबाने विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मोठी देणगी दिली. त्याची एक इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत आदरणीय फुटबॉलचे उदाहरण विचारले असते तर पुष्कळांनी हेच नाव घेतले असते. २०११ मध्ये उघड झाले, की तेथे दीर्घकाळ साहाय्यक प्रशिक्षक असलेल्या गृहस्थाने वर्षानुवर्षे लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केले होते. २००१ मधील एका प्रसंगाची वार्ता प्रशिक्षकांच्या आणि त्यांच्या वरिष्ठांच्या कानी पोचली होती; पोलिसांपर्यंत मात्र ती गेली नाही. २०१२ मध्ये तो गृहस्थ ४५ आरोपांत दोषी ठरला. विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड झाला. पॅटर्नो यांच्या खात्यातून १११ विजय वजा करण्यात आले, आणि २०१५ मध्ये ते परतही देण्यात आले. विजयांची ही वजाबाकी आणि बेरीज मला अप्रस्तुत वाटते. त्या मुलांशी विजयांचा काय संबंध? खरी भीषण गोष्ट ही, की संस्थेचा लौकिक जपण्याच्या सवयीपुढे एका मुलाची सुरक्षितता हलकी ठरली. आदराची ऊब लागली की संस्थांना तो आदर सांभाळण्याचीच काळजी अधिक वाटू लागते.

हे वाचत असताना मला माझा एक विद्यार्थी सारखा आठवत असे. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो, तेथे तो कबड्डी खेळायचा आणि विद्यापीठाच्या संघात होता. वर्गात तो क्वचितच दिसे; हजेरी मात्र नियमित भरली जाई. एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. पुढच्या वर्षी कार्यालयाबाहेरील फलकावर त्याचे नाव सोनेरी अक्षरांत होते आणि परीक्षेचा अर्ज भरायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. शुल्कमाफी फक्त खेळत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, असे त्याला त्याच कार्यालयातून सांगण्यात आले. तो गावी गेला तो परत आला नाही. तेव्हापासून कोणत्याही संस्थेचे क्रीडावैभव पाहिले, की त्या फलकाच्या पलीकडे काय झाले असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

म्हणून आदराचे उदाहरण म्हणून माझ्या मनात जो संघ ठसला आहे, तो आज अस्तित्वातही नाही. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइटांनी चालवलेली संस्था. १९५१ मध्ये जो कुहारिच यांच्या मार्गदर्शनाखाली तिच्या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. हंगामाच्या शेवटी निवडक संघांना ‘बाउल’ सामन्यांची आमंत्रणे येतात. त्यांत प्रतिष्ठा असते आणि पैसाही असतो, आणि या विद्यापीठाला पैशाची निकड होती. फुटबॉलचा खर्च त्याला झेपत नव्हता. संघात ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा वर्णभेद उघडपणे नांदत होता. त्या दोघांना मागे ठेवून यायचे असेल तर आमंत्रण मिळेल, असे संघाला कळवण्यात आले. आणि संघाने नकार दिला, असे त्या खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणून आमंत्रण आले नाही, असेही एक कारण दिले जाते, आणि ते नोंदवणे इतिहासाच्या दृष्टीने योग्यच आहे. पण प्रश्न समोर आला तेव्हा त्या मुलांनी काय उत्तर दिले, याला त्याने बाध येत नाही. सामना झाला नाही. त्या हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

या नकाराचे मोल कशात आहे? तो देणाऱ्यांना त्यातून काहीही मिळणार नव्हते. पाहायला वृत्तपत्रे नव्हती, टाळ्या नव्हत्या. उलट जे अखेरचे मोठे मैदान त्यांना मिळाले असते, ते हातचे गेले. बहुसंख्यांनी दोघांसाठी आपला लाभ सोडला, आणि त्याला त्याग म्हणण्याचेही त्यांना सुचले नाही. आपल्यातल्या दोघांना सोडून जायचे नसते, एवढेच त्यांना ठाऊक होते. संघ या शब्दाचा अर्थ मला येथे कळतो.

असा अर्थ विजयाशी विसंगत असतो असे मात्र कोणी समजू नये. मिनेसोटातील सेंट जॉन्स विद्यापीठात जॉन गॅग्लियार्डी १९५३ ते २०१२ पर्यंत प्रशिक्षक होते. त्यांच्या नावावर एकूण ४८९ विजय आहेत. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एवढे दुसऱ्या कोणाचे नाहीत. त्यांच्या सरावात एकमेकांना पाडण्यास बंदी होती. शिटी नसे, संघात येऊ इच्छिणाऱ्या कोणालाही वगळले जात नसे आणि खेळाडू त्यांना ‘जॉन’ अशी नावाने हाक मारीत. मुलांची शरीरे सामन्याआधीच झिजवायची नाहीत, इतका साधा विचार त्यामागे होता. कठोरपणा म्हणजेच शिस्त, या समजुतीला इतके शांत उत्तर मी अन्यत्र पाहिले नाही.

आता काळ बदलला आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी दर विद्यापीठामागे त्याची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. यामुळे खेळाचे पावित्र्य गेले असा सूर लागला आहे. मला तो पटत नाही. ज्याच्या अंगमेहनतीवर लाख लाख प्रेक्षकांची मैदाने भरतात, त्याला वाटा मिळण्यात अपवित्र काय आहे? पैसा पूर्वीही होता. तो केवळ खेळणाऱ्याच्या हाती नव्हता. परंतु मोबदला दिला म्हणजे कर्तव्य संपले, असे विद्यापीठाला वाटू लागले तर मात्र हानी होईल. बाजारात पैसे चुकते झाले की नाते संपते. शाळेत आणि महाविद्यालयात ते संपू नये अशी अपेक्षा असते.

तेव्हा आदराचा निकष विचारायचा तर मी करंडकांची यादी पाहणार नाही, आणि ग्रंथालयाला दिलेल्या देणगीचा फलकही पाहणार नाही. राखीव बाकावर बसून चार वर्षे काढलेल्या मुलाला पदवी मिळाली का, जायबंदी झालेल्याची चौकशी दुसऱ्या वर्षी कोणी केली का, आणि लौकिकाला धक्का लागेल अशी तक्रार घेऊन कोणी आला तेव्हा दार उघडे होते का, एवढे मी विचारीन. याची उत्तरे सामन्याच्या दिवशी मिळत नाहीत. ती मैदान रिकामे झाल्यावर मिळतात.

मॅटसन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्याची दोन पदके जिंकून आले आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजले. टोलर यांचा गुडघा त्याच वर्षी एका सामन्यात दुखावला आणि त्यांचे व्यावसायिक खेळणे राहूनच गेले. ते शिक्षक झाले, सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाले, आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक फुटबॉलचे पहिले कृष्णवर्णीय पंच म्हणून मैदानावर उभे राहिले. खेळ थांबल्यावर ज्याचे शिक्षण त्याच्या उपयोगी पडले, असा हा महाविद्यालयीन खेळाडू. त्याच्या विद्यापीठात आज फुटबॉलचा संघ नाही.