आईच्या खोलीतील गारव्याचा हिशेब

दरवर्षी होळी झाली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून झाल्यावर रुग्णाचा मुलगा किंवा सून दाराशी थबकते आणि विचारते, "डॉक्टर, घर जुने आहे. आईंच्या खोलीत एसी बसवायचा म्हटले तर किती खर्च येईल?" खरे तर हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा. परंतु त्याचे उत्तर मी स्वतः फार महागात शिकलो आहे. म्हणून तो हिशेब, वाचकहो, आज आपल्यापुढे मांडतो.

आमचे घर अकोल्यातील जुन्या वस्तीत आहे. माती-विटांच्या जाड भिंती, वर कवेलूंचे छप्पर आणि आईची खोली १० बाय १२ फुटांची, उंची १२ फूट. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. आधी वाळ्याचे पडदे आणि पुढे कूलर, यांच्या आधारावर या घराने कित्येक उन्हाळे काढले. आईने ८० वर्षे ओलांडली तेव्हा मात्र मी एसी घेतला. दीड टनाच्या यंत्राचे ४३,००० रुपये मोजले आणि खर्च संपला असे समजलो. बसवणाऱ्या कारागिराने "वायरिंग जुने आहे, साहेब" असे बजावले होते. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू."

तिसऱ्या रात्री जळका वास आला. प्लग वितळला होता, भिंतीवरचा बोर्ड काळा पडला होता. पंखे आणि दिवे यांच्यासाठी कधीकाळी टाकलेल्या तारेवर मी एसीचा भार टाकला होता. सकाळी वायरमनने बोर्ड बदलून दिला, पण आईच्या मनातली धास्ती कोण बदलणार? त्यात बिलाची चिंता. मी दवाखान्यात गेलो की ती एसी बंद करी. विचारले तर म्हणे, "अरे, एवढ्याशा उकाड्यासाठी मीटर कशाला पळवायचा?" मी हसून सोडून देत असे. कूलर मी आधीच अडगळीत टाकला होता आणि एसीसाठी खिडक्या बंद करून घेतल्या होत्या. म्हणजे भर दुपारी ती बंद खोलीत केवळ पंख्याखाली बसत होती, हे माझ्या ध्यानात आले नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी दीडच्या सुमारास घरी आलो. आई पलंगावर पडून होती. तिने मला आपला थोरला भाऊ समजून "दादा" म्हटले आणि गाडी जुंपली का, असे विचारले. अंग तापलेले, जीभ कोरडी. ओल्या चादरी, पंखा, मग रुग्णालय. तपासणीत रक्तातील सोडियम घटलेले आढळले. दोन दिवसांत ती सावरली. रुग्णालयाचे बिल २४,००० रुपये झाले. ती घराबाहेर पडलीच नव्हती. इतरांना उन्हापासून जपण्याचे सल्ले देणाऱ्या डॉक्टरच्या आईला घरातच उष्णतेने गाठले होते.

असे का घडते, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे. उतारवयात घाम कमी येतो आणि तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी व क्षार आणखी कमी होतात. मनोविकारांवरील काही औषधेही घाम रोखतात. (ही औषधे मनाने बंद करू नका, उन्हाळ्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्या.) आणि हवाच ४० अंशांच्या वर गेली की पंखा गारवा देत नाही, तापलेली हवाच अंगावर फेकतो. वृद्ध व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली किंवा गुंगीत गेली, तर तोंडात पाणी ओतू नका. अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आई घरी परतल्यावर मी राहिलेली कामे केली. मीटरपासून खोलीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार आणि एसीपुरता वेगळा एमसीबी, ८,५०० रुपये. नवे अर्थिंग ४,५०० रुपये; जुन्या घरात ते बहुधा नसते किंवा निकामी झालेले असते. विजेचा दाब खाली-वर होतो म्हणून स्टॅबिलायझर, ३,५०० रुपये. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, त्यामुळे लोखंडी चौकट, जादा तांब्याची नळी आणि यंत्र पुन्हा बसवण्याची मजुरी मिळून ६,००० रुपये. कवेलूंच्या फटींतून गारवा निघून जाई, म्हणून ९ फुटांवर फॉल्स सीलिंग, ११,००० रुपये. त्यामुळे थंड करायची हवा एक चतुर्थांशाने कमी झाली. दारे-खिडक्यांच्या फटी आणि जाड पडदे, ३,५०० रुपये. एकूण ३७,००० रुपये. म्हणजे ४३,००० रुपयांचा एसी ८०,००० रुपयांना पडला. दर गावोगावी निराळे असतील, पण जुन्या घरात यंत्राच्या किमतीइतकीच रक्कम घरावर खर्चावी लागू शकते, हे मनाशी धरूनच दुकानात जा. त्याआधी वायरमनला घर दाखवा आणि मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का, याची वीज कार्यालयात चौकशी करा.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा खरा मार्ग म्हणजे घर नव्हे, एकच खोली थंड करणे. ती तळमजल्यावरची, शक्यतो वर माडी असलेली आणि जवळ न्हाणीघर असलेली निवडा. माडीखालच्या खोलीला फॉल्स सीलिंगची गरज सहसा पडत नाही. छोट्या, नीट बंद होणाऱ्या खोलीला एक टनाचे यंत्रही पुरू शकते. तापमान २६ किंवा २७ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा मंद चालवा. दर पंधरवड्याला जाळी धुवा. झोत थेट पलंगावर येऊ देऊ नका.

आता बिलाविषयी. आमचा एसी दुपारी व रात्री मिळून आठ तास चालतो आणि दिवसाला सुमारे ८ युनिट वीज घेतो. महिन्याचे २४० युनिट. वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, हे धरून मे महिन्याचे बिल सुमारे ३,००० रुपयांनी वाढते. उन्हाळ्याचे कडक महिने दोन, म्हणजे ६,००० रुपये. रुग्णालयात दोन दिवसांत मी चार उन्हाळ्यांची वीज खर्चून आलो होतो.

एवढा खर्च प्रत्येक घराला झेपणार नाही, याची मला जाणीव आहे. तसे असेल तर कूलरला कमी लेखू नका. आमच्या कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो; मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो. जून महिन्यात हवा दमट झाली की त्याचा प्रभाव ओसरतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा, कारण डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात. गच्ची असल्यास तिला पांढरा चुना लावा. पहाटे खिडक्या उघडा, ऊन चढण्याआधी बंद करा. खोलीत साधा तापमापक लावा. दिवसा काटा ३२ अंशांच्या वर गेला तर वृद्धांना घरातल्या किंवा शेजारच्या थंड खोलीत नेऊन बसवा.

अखेरीस एक गोष्ट, जी कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. आपल्या आईवडिलांची पिढी स्वतःवरचा खर्च वाचवण्यात वाढली आहे. त्यांच्यासाठी एसी बसवला म्हणजे तो चालू राहीलच, असे धरून चालू नका. मी आईसमोर बसून वरचा सारा हिशेब कागदावर मांडला आणि नवी तार दाखवली. तिने रुग्णालयाचा आकडा दोनदा वाचला. तेव्हापासून रिमोट तिच्या उशाशी असतो. तरीही दुपारी जेवायला आलो की मी आधी तिच्या खोलीत डोकावतो. आपणही बाहेरगावी असाल तर फोनवर "जेवलीस का?" असे विचारल्यावर आणखी एक प्रश्न विचारा : "आज दुपारी एसी किती वेळ चालू होता?"